अर्जातली अडाणी बाई

माझ्या हातचा अर्ज वाचून धुळ्याच्या कचेऱ्यांतले आजवर तीन साहेब रडले आहेत. चौथ्याचे डोळे आले होते, म्हणून त्याला मी धरत नाही.

मी अर्ज लिहून देणारी बाई. कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली माझं टेबल गेली एकतीस वर्षं आहे. आधी मराठी टाइपरायटर होता, त्याच्या आवाजानं झाडावरचे कावळे उडायचे. आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे आणि कावळे माझ्या डोक्यावरच बसतात. लोक मला अक्का म्हणतात. शेजारच्या टेबलावर स्टँपपेपर विकणारे नाना बसतात. ते माझ्याहून वयानं मोठे, त्यामुळे मला नावं ठेवायचा हक्क त्यांचा एकट्याचा.

ज्यांना कचेरीची पायरी चढावी लागली नाही त्या भाग्यवानांसाठी सांगते. अर्जाला डोकं, पोट आणि शेपूट असतं. डोकं म्हणजे ‘प्रति, मा. अमुक साहेब’. डोकं चुकलं की अर्ज गावभर फिरतो आणि सहा महिन्यांनी ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन घरी येतो. पोटात हकिगत. आणि शेपटीत ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून आणखी कुणाकुणाला कागद पाठवला त्यांची नावं. आमच्या धंद्यात डंख शेपटीत असतो. पहिल्या साहेबाला अर्जाची भीती वाटत नाही, पण त्याच्या वरच्या साहेबाचं नाव खाली दिसलं की तो चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. शिरपूरकडचे दोघे सख्खे भाऊ बांधावरून भांडून एकाच दिवशी आले. थोरल्याचा धाकट्यावर अर्ज, धाकट्याचा थोरल्यावर. मी एकामागून एक दोन्ही टाइप केले. दोघांनी मिळून चहा मागवला, मलाही पाजला आणि एकाच बसनं घरी गेले. दुसरे एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध तक्रार घेऊन आले होते. कोंबडा पहाटे किती वेळा आणि कसा आरवतो ते अर्जात जसंच्या तसं यावं असा त्यांचा आग्रह. कागदावर कोंबडा आरवायला लावणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पण माझं नाव झालं ते एका वाक्यामुळे. ‘अर्जदार ही गरीब, अडाणी व अज्ञानी असून तिला मायबाप सरकारशिवाय कोणाचाही आधार नाही.’ हे वाक्य मला माझ्या गुरूकडून मिळालं, त्याला त्याच्या गुरूकडून. आलेल्या प्रत्येक माणसाच्या अर्जात ते पहिलं. माणूस बी.ए. झालेला असला तरी अडाणी. बागायतदार असला तरी गरीब. नाना म्हणायचे, “अक्का, तुना अर्ज वाचीसन दगडबी रडी.” मला त्याचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू?

तो अभिमान एका मुलीनं उतरवला, त्याची ही गोष्ट.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. पंचविशीची, सावळी, बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. “अक्का, अर्ज लिहायचाय,” म्हणाली. मराठी अगदी स्वच्छ, माझ्यापेक्षा स्वच्छ. नाव जमुना पावरा. गाव शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आश्रमशाळेत शिकली, नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स केला आणि धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स होती.

होती म्हणजे अजूनही होती, पण वॉर्डात नव्हती. तिच्या वॉर्डात पारोळ्याकडची एक म्हातारी दाखल होती. आठ दिवस जमुनाच तिचं सगळं करत होती. नवव्या दिवशी म्हातारीचा मुलगा सुरतहून आला. त्यानं जमुनाच्या छातीवरच्या पट्टीवर नाव वाचलं, आदिवासी आडनाव पुन्हा एकदा वाचलं आणि भर वॉर्डात ओरडला, “ही जंगलातली बाई माझ्या आईला हात लावते? कोणी शिकलेली नाही का तुमच्याकडे?” दवाखान्याच्या मॅनेजरनं त्याची समजूत काढायची सोडून जमुनाची काढली. तात्पुरतं म्हणून तिला खाली स्टोअरमध्ये बसवलं. म्हातारी बरी होऊन घरी गेली, मुलगा शांत झाला, पण जमुना तीन आठवडे झाले तरी स्टोअरमध्ये चादरींच्या घड्याच घालत होती. विचारलं की मॅनेजर म्हणायचा, “पेशंट नाराज होतात, आपण काय करणार?”

“पगार तोच मिळतो,” जमुना म्हणाली. “पण अक्का, शीर सापडणं हे बोटात असतं. रोज केलं नाही तर बोटं विसरतात. मला माझ्या वॉर्डात परत जायचंय. बाकी काही नको.”

मला तिचा कळवळा आला. कळवळा आला की माझी बोटं आपोआप चालतात. अर्ध्या तासात मी असा अर्ज काढला की प्रिंटरनंही हुंदका द्यावा. ‘अर्जदार ही डोंगराळ भागातील गरीब, अडाणी व अज्ञानी आदिवासी स्त्री असून तिला जगाचे ज्ञान नाही. तिच्यावर दया करून…’ पुढचं सांगत नाही.

जमुनानं तो कागद उभ्यानं वाचला. मग स्टूल ओढून बसली आणि पुन्हा वाचला.

“अक्का, ही कोण?”

“कोण म्हणजे? तू.”

“हिला जगाचं ज्ञान नाही?”

“अगं, असं लिहावं लागतं. पद्धत आहे ती. साहेबाला पाझर फुटतो.”

तिनं कागद माझ्यासमोर सरकवला आणि शांतपणे म्हणाली, “अक्का, या अर्जातल्या बाईला मीसुद्धा माझ्या आईला सलाईन लावू देणार नाही.”

नाना स्टँपपेपर मोजत होते, ते थांबले. मला राग आला. इतक्या वर्षांची कारागिरी आणि ही काल आलेली पोर मला शिकवते! मी म्हटलं, “मग घे तुझ्या हातानं लिहून. शिकलेली आहेस ना?” ती उठली नाही. “शिकलेली आहे, पण कुठल्या दारात जायचं ते मला माहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून आले,” म्हणाली. आता अशा माणसावर रागावून तरी किती वेळ बसणार?

त्या रागातच मला जुन्या गिऱ्हाइकांतला एक बाप आठवला. तोही सातपुड्याकडचाच. शाळेत त्याच्या मुलीला वेगळं, मागे बसवायचे. त्याला एवढंच हवं होतं की पोरीला बाकीच्यांबरोबर बसवा. मी त्याच्यासाठी लिहिलेला अर्ज माझ्या उत्तम अर्जांपैकी एक होता. महिन्यानं तो हसत आला आणि मला दाखवायला दोन घोंगड्या घेऊन आला. साहेबानं अर्ज वाचला, त्याला पाझर फुटला आणि त्यानं गरीब म्हणून घोंगड्या दिल्या. पोरगी मागेच बसत राहिली. मी तेव्हा नानांना म्हटलं होतं, “बघा, अर्जाचं काम झालं!” पुढची कित्येक वर्षं मी ती गोष्ट यशाची म्हणून सांगत होते. जमुनापुढे बसल्या बसल्या मला त्या गोष्टीची लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

“चल,” मी म्हटलं. टेबलावर प्लास्टिक टाकलं आणि तिला घेऊन कोर्टात गेले.

कोर्टात मोफत कायदेशीर मदतीची खोली असते. मी वर्षानुवर्षं तिच्यापासून हाकेच्या अंतरावर बसले, पण कधी आत गेले नव्हते. खरं सांगायचं तर ती मला माझी प्रतिस्पर्धी वाटायची. आत एक तरुण वकीलताई होत्या. त्यांनी आधी जमुनाला पाणी दिलं, मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “जातीजमातीवरून चारचौघांत अपमान केला तर त्याला कायदा आहे, पोलिसांत जाता येतं. जायचं की नाही ते तू ठरव, गेलीस तर मी बरोबर येईन. वॉर्डाचं काम वेगळं. दवाखान्याला लेखी विचार की मला कुठल्या कारणानं काढलं. तारीख, वेळ, कोण काय बोललं, एवढंच लिही. विशेषणं नकोत. आणि कुणी पाहिलं असेल तर त्याचं लेखी घे.” ‘विशेषणं नकोत’ म्हणताना त्या माझ्याकडे का पाहत होत्या, कोण जाणे. माझी कीर्ती तिथवर पोहोचली असावी.

त्यांनी आणखीही बरंच सांगितलं: कॉलेजात असं झालं तर कुणाकडे जायचं, भाड्याची खोली नाकारली तर काय, पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर वर कोण. मी सगळं उतरवून घेतलं. तो कागद आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. परवा मुक्ताईनगरहून एक जण केवळ त्याचा मोबाइलवर फोटो काढायला आला होता.

जमुनानं पोलिसांचं तूर्त राहू द्या म्हटलं. “आधी माझा वॉर्ड.” आम्ही नवा अर्ज केला. ‘मी, जमुना पावरा, प्रशिक्षित परिचारिका, दोन वर्षांपासून वॉर्डात काम करते. मला सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग, ऑक्सिजन ही कामे येतात.’ मग तारीख, मग त्या माणसाचे शब्द. शेवटी, ‘मला वॉर्डातून काढण्याचे कारण लेखी कळवावे व पूर्ववत वॉर्डात घ्यावे.’ एवढंच. मला तो किराण्याच्या यादीसारखा कोरडा वाटला. शेपूट तेवढं मी माझ्या मनासारखं लावलं, चार प्रतींचं.

अडलं ते साक्षीवर. वॉर्डातल्या दुसऱ्या मुली म्हणाल्या, “जमुना, आमचीही नोकरी आहे गं.” त्यांना दोष देता येत नाही. मग उरली कोण? ती म्हातारीच. इंदूबाई तिचं नाव. आता पारोळ्याला कोण जाणार? जमुना गेली तर मुलगा दारातूनच हाकलेल. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी कधी गिऱ्हाइकाकडे गेलेली नाही, गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. तरी दुसऱ्या दिवशी पॅड, पेन आणि शाईचा डबा पिशवीत टाकून मी पारोळ्याच्या बसमध्ये बसले.

इंदूबाई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. अंगानं चिपाड, आवाज मात्र दोन गल्ल्यांत जाईल असा. जमुनाचं नाव काढताच तिनं सूप बाजूला सारलं. “कशी शे ती? माले तिनी काही सांगं बी नही, कोठे गयी ते.” मी सगळं सांगितलं. म्हातारीचं तोंड बारीक झालं. “मी तठेच खाटवर व्हतू. मना आंडोर उना नि तिले काढी टाकं. माले कोनी इचारं बी नही.” आंडोर म्हणजे मुलगा.

“मग आता मी विचारते,” मी म्हटलं. “सांगा.”

तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी सवयीनं तिचं बोलणं कचेरीच्या मराठीत वळवायला लागले. ‘सदर परिचारिकेने माझी समाधानकारक शुश्रूषा केली.’ तेवढं वाचून दाखवलं तर म्हातारी म्हणाली, “हाई मी कव्हय बोलनू? मी बोलनू तेच लिख.” मी पान फाडलं. मग लिहिलं ते असं (बठ्ठा म्हणजे सगळे): ‘बठ्ठा म्हनेत शीर सापडत नही. तिनी एकदावच सुई टोची, दुखनी बी नही. तिना हात भलता हलका शे. मनी येनी घाली दिधी. मना आंडोरनी तिले काढं. मी काढं नही. माले तीच पायजे व्हती.’

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो मी कधी मोडला नाही. अंगठा घेण्याआधी सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा. मी वाचायला लागले तेव्हा सुरतवाला मुलगा, संजय, आतून बाहेर आला. आई पूर्ण बरी होईतो तो रजेवर होता. दाराच्या चौकटीला टेकून त्यानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मधेच तोंड उघडलं, पण म्हातारीनं नुसता हात वर केला.

तिनं अंगठा उठवला. आणि आता दुसरा नियम आला. नुसता अंगठा चालत नाही. तो कुणाचा आहे हे शेजारी लिहून एका लिहित्या माणसाला सही करावी लागते. मजकूर माझ्या हातचा, त्यामुळे मी करून उपयोग नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या घराला कुलूप, शेजारीण कापूस वेचायला गेलेली. घरात लिहिता-वाचता येणारा माणूस एकच होता.

“संज्या,” म्हातारी म्हणाली, “तुले लिखता येस ना? मंग लिख.”

“माय, मी कसाले लिखू? यामां मनंच नाव शे.”

“मंग? खोटं शे का?”

खोटं नव्हतंच. मला वाटलं, आता हा कागद फाडतो आणि मी हात हलवत परत जाते. तो आत गेला. मी पिशवी आवरायला घेतली, तर चष्मा घालून परत आला. ओट्यावर मांडी घालून बसला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘निशाणी अंगठा इंदूबाई हिचा. मजकूर माझ्यासमोर वाचून दाखवला, बरोबर आहे.’ खाली सही केली. ‘बरोबर आहे’ हे मी त्याला लिहायला सांगितलं नव्हतं. कागद माझ्या हातात देताना हळूच म्हणाला, “अक्का, त्या सिस्टरले सांगज्यात…” मी म्हटलं, “भाऊ, ते तुम्ही स्वतःच येऊन सांगा.” तो आजतागायत आलेला नाही. म्हातारीनं मात्र मला ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातल्याशिवाय बसमध्ये बसू दिलं नाही. ठेच्यानं डोळ्यांना धारा लागल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांना रडवल्याची फेड एका घासात झाली.

अर्ज आणि अंगठ्याचा कागद दवाखान्यात दिला, पोच घेतली. पोच म्हणजे कागद मिळाल्याचा शिक्का. तो नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं कुणीही म्हणू शकतं. चार दिवसांत मॅनेजरनं जमुनाला बोलावलं. ‘सोमवारपासून वॉर्डात ये,’ म्हणाला. ‘फक्त एक कर, तो अर्ज मागे घेतल्याचं लिहून दे. म्हणजे आपल्या दोघांच्याही फाइली स्वच्छ.’

ती धावत माझ्याकडे आली. मी आनंदानं टेबलावर थाप मारली आणि लगेच अर्ज मागे घेण्याचा मजकूर काढला. माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त वापरलेला नमुना तोच आहे. ‘गैरसमजातून केलेला अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे.’ नाव भरलं, कागद तिच्यापुढे ठेवला, पेनचं टोपण काढून हातात दिलं.

तिनं सही केली नाही. “गैरसमज कुणाचा झाला होता, अक्का?”

“जमुना, वॉर्ड मिळतोय. हेच हवं होतं ना तुला?”

“हवंच आहे. पण हा कागद दिला तर पुढच्या मुलीला स्टोअरमध्ये बसवताना त्यांना काहीच आठवणार नाही.” तिनं पेनला टोपण लावून ते मला परत दिलं. “मी सोमवारी वॉर्डात जाते. अर्ज तिथंच राहू द्या. नको असेन तर तसं लेखी देतील.”

नाना म्हणाले, “पोरी, हातनं जाई.” मलाही तसंच वाटलं. तडजोडीवरच आमचा संसार चालतो. रविवारभर मला जेवण गेलं नाही. म्हातारीचा अंगठा आणला, मुलाची सही आणली, आणि ही पोर हातातोंडाशी आलेला घास घालवणार.

सोमवारी सकाळी मी टेबल उघडलंच नाही. दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. जमुना इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आली, मला बघून तिनं माझा हात धरला. मॅनेजर काउंटरपाशी उभा होता. त्यानं विचारलं, “कागद आणला?” ती म्हणाली, “नाही सर. ड्युटीवर आलेय.” त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या काखेतल्या फाइलकडे पाहिलं. त्या फाइलमध्ये खरं तर माझं विजेचं बिल होतं. मग तो फोन आल्यासारखं करून आत निघून गेला.

आम्ही जिना चढलो. वॉर्डाच्या दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, पन्नाशीच्या, कपाळाला आठ्या. इतके दिवस त्या याबद्दल एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. जमुना त्यांच्यापुढे जाऊन थांबली.

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. “सव्वाआठ झाले,” म्हणाल्या. “उभी काय राहिलीस? पाच नंबरच्या आजोबांची शीर कुणालाच सापडत नाहीये. हात धू आणि ये.”

जमुना आत गेली. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही आणि मला ते फार आवडलं. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडले. शेजारी डबा घेऊन बसलेल्या एका माणसानं माझी दया येऊन विचारलं, “मावशी, तुमचा पेशंट कोणता?”

“आमचा पेशंट नाही कोणी,” मी डोळे पुसत म्हटलं. “आमची सिस्टर आहे आत.”